लायसन्स फी

२०२० चा डिसेंबर. ऑफिस एक दिवसाआड होतं, मुलाची बारावी मागच्या खोलीत ऑनलाइन चालली होती, आणि संध्याकाळी खाली उतरून चक्कर मारण्यापलीकडे कुणाला काही उद्योग नव्हता. अशात न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. आजीची तब्येत, दिल्लीची थंडी वगैरे विचारून झाल्यावर म्हणाला, "आत्या, एक काम होतं. बाबांना सांगू नकोस."

काम साधं होतं. 'सायबरपंक २०७७' नावाचा गेम त्याच महिन्यात बाजारात आला होता. अमेरिकेत त्याची किंमत साठ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळजवळ ४,४०० रुपये. भारतात तोच गेम, त्याच स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानात, २,९९९ रुपयांना. मी तो विकत घेऊन त्याला भेट पाठवावी, तर दोन देशांतल्या किमतीत एवढा फरक असला की दुकान भेट पाठवू देत नाही. म्हणून मी माझ्या नावानं इथून नवं खातं उघडायचं, माझ्या कार्डानं पैसे भरायचे आणि पासवर्ड त्याला कळवायचा.

मी ते केलं. पाच मिनिटं लागली. खातं उघडताना मी भारतात राहते असं लिहिलं, ते खरंच होतं. खेळणारा भारतात राहतो का, असं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. भाच्यासाठी आत्यानं चितळ्यांची बाकरवडी पाठवावी त्यापेक्षा यात काही वेगळं आहे असं मला वाटलं नव्हतं.

मुलाला वाटलं. तो पाठीमागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "आई, हे सबलेटिंग आहे."

आर. के. पुरममध्ये वाढलेल्या मुलालाच हा शब्द सुचू शकतो. ही सगळी वसाहतच सरकारी क्वार्टरांची. कुणाला कुठल्या टाइपचं घर मिळेल ते पगाराच्या पायरीवर ठरतं. आम्ही दरमहा भरतो त्याला भाडं म्हणत नाहीत, लायसन्स फी म्हणतात, कारण कायद्यानं आम्ही भाडेकरू नाहीच. राहण्याची परवानगी मिळालेले लोक आहोत. ही फी हजार रुपयांच्या आतबाहेर. रस्ता ओलांडून वसंत विहारच्या बाजूला गेलात, किंवा मुनिरकाच्या गल्लीतल्या अंधाऱ्या दोन खोल्या बघितल्यात, तर त्या पैशात आठवडाही निघणार नाही. (घरभाडे भत्ता आम्हाला मिळत नाही, तेव्हा घर अगदी फुकटात पडत नाही. हे सांगितल्याशिवाय कुठलाही सरकारी माणूस या विषयावर पुढे बोलत नाही, म्हणून मीही सांगून टाकते.) या स्वस्ताईच्या बदल्यात एकच मोठी अट: घर तुम्हाला दिलंय, तुम्हीच राहा. दुसऱ्याला भाड्यानं देऊ नका. आमच्या ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मागची खोली कोचिंगला आलेल्या दोन मुलांना दिली होती. एक दिवस तपासणी झाली, घर गेलं. तेव्हा जिन्यात उभं राहून सर्वांत जास्त नाकं मुरडणाऱ्यांत मी होते.

"कुणाचं काय नुकसान झालं?" मी मुलाला विचारलं. "एवढी किंमत बघून तो घेणारच नव्हता."

"घेणार होता," मुलगा म्हणाला. "त्याच्याकडे साडेपाचशे डॉलरचं ग्राफिक्स कार्ड आहे."

त्या दिवशी मी विषय बदलला. पण तो गेला नाही, आणि गेली पाच वर्षं मी त्याच्याभोवती फिरते आहे. एकच वस्तू दोन देशांत दोन किमतींना विकणं न्याय्य आहे का, हा प्रश्न दिसतो तेवढाच नाही. स्वस्त किंमत ज्याच्या नावानं दिली जाते आणि ज्याच्या नावानं मागितली जाते, तो माणूस नक्की कोण, इथे मी येऊन अडकते.

आधी ही किंमत आली कुठून ते पाहू. नव्वदच्या दशकात आणि नंतरही बरीच वर्षं दिल्लीत गेम म्हणजे नेहरू प्लेस नाहीतर पालिका बाजार. पायऱ्यांवर उभी मुलं कानाशी येऊन "सॉफ्टवेअर, गेम, सीडी" असं पुटपुटायची. शे-दीडशेत काहीही मिळायचं. पुढे अमेरिकी सरकार जगभरातल्या कुप्रसिद्ध बाजारांची यादी काढू लागलं, तिच्यात नेहरू प्लेसचं नाव झळकलं. अस्सल प्रत विकत घेणारा माणूस आमच्या ओळखीत नव्हता, आणि त्याला दिल्लीकरांचा स्वभाव कारणीभूत नव्हता. वस्तूची किंमत महिन्याच्या किराण्याइतकी असेल तर ती वस्तू बाजारात नाहीच असं लोक समजतात, आणि दुसरा रस्ता शोधतात.

'सायबरपंक' बनवणारी पोलंडची कंपनी, सीडी प्रोजेक्ट, हे फार जवळून जाणत होती. ती १९९४ साली वॉर्सात सुरू झाली तीच परदेशी गेम आणून विकण्यासाठी, आणि तेव्हाचं पोलंड म्हणजे चोरट्या प्रतींचाच बाजार. त्यांनी १९९९ मध्ये 'बाल्डर्स गेट' हा गेम पोलिश कलाकारांच्या आवाजात आणला, मोठ्या खोक्यात नकाशा वगैरे घालून दिला, किंमत लोकांना झेपेल अशी ठेवली. चोरट्या प्रतीपेक्षा ती महागच होती, तरी लोकांनी घेतली. चोरट्याशी भांडायचं तर पोलिसांपेक्षा किंमत आणि आदर यांचा उपयोग जास्त होतो, हे त्या मंडळींनी करून दाखवलं. पुढे स्टीमनं २०१५ च्या नोव्हेंबरात भारतात रुपयांत किमती लावल्या, आणि माझ्या मुलाच्या पिढीला विकतचा गेम ही गोष्ट पहिल्यांदा शक्य कोटीतली वाटली.

तेव्हा स्वस्त किंमत हे दान नव्हे. गेमची आणखी एक प्रत काढायला प्रकाशकाला जवळजवळ काही खर्च येत नाही. (गेमच्या धंद्यातही 'पब्लिशर' म्हणजे आपला प्रकाशकच. बनवणारा बहुधा वेगळा, पैसे घालून बाजारात आणणारा वेगळा. भांडणंही आपल्या ओळखीचीच.) जिथून शून्य येत होतं तिथून २,९९९ आले, त्यातला अठरा टक्के जीएसटी आणि दुकानाचा साधारण तीस टक्के वाटा गेला, तरी उरलं ते नफ्यातच. आर्थर पिगू या अर्थशास्त्रज्ञानं १९२० च्या आपल्या ग्रंथात अशा भेदाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. ग्राहकांचे गट पाडून गटागटाला वेगळा भाव लावायचा, ही त्यातली तिसरी. आमचा गट म्हणजे 'भारत'.

पण गट पाडायचे तर मधे भिंत लागते. भिंतीबद्दल माझ्या वाचनातलं सर्वांत कठोर निरीक्षण ज्यूल द्युप्युई या फ्रेंच इंजिनिअरचं आहे, १८४९ चं. त्या काळी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. छप्पर घालायला फार खर्च येतो म्हणून नव्हे, असं तो म्हणतो. छप्पर घातलं तर दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणारे लोक तिसऱ्या वर्गात येऊन बसतील, म्हणून. गरीब भिजतो तो श्रीमंताला अडवण्यासाठी. आपल्या जनरल डब्याकडे बघून मला हे अनेकदा आठवतं.

गेममध्ये हे छप्पर भाषेच्या रूपानं काढून घेतलेलं मी पाहिलं आहे. रशियात स्वस्तात विकलेल्या अनेक प्रती फक्त रशियन भाषेतच चालायच्या. जर्मन मुलानं त्या घेऊन करायचं काय? भारताच्या बाबतीत ही भिंत उभी राहत नाही. आपण इंग्रजीत खेळतो. परदेशातला मोठा गेम मराठीत उतरलेला माझ्या पाहण्यात नाही. उद्या कुणी आणलाच तर तो आपल्यावरच्या प्रेमापोटी आणला की न्यू जर्सीतल्या भाच्यांना दूर ठेवायला, असा संशय मला येईल. आपली स्वस्त प्रत आणि त्यांची महाग प्रत अक्षरन् अक्षर एकच असल्यामुळे आपली प्रत गळते, आणि गळते ती बरेचदा नातेवाइकांतूनच.

आमच्या घरात ही गळती जुनीच आहे. भाऊ १९९१ साली अमेरिकेला शिकायला निघाला तेव्हा मी नुकतीच दिल्लीत नोकरीला लागले होते. मुंबईहून तो इथे आला, आणि आम्ही दोघं नई सडकेवर जाऊन त्याची इंजिनिअरिंगची पुस्तकं घेऊन आलो. पातळ कागदावर छापलेली, मागे इंग्रजीत शिक्का: फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी. तिकडच्या किमतीच्या एक-पंचमांशात ट्रंक भरली. आईनं वर लोणच्याची बरणी ठेवली होती, ती पालमवर काढून ठेवावी लागली. पुस्तकांना मात्र कुणी हात लावला नाही. त्या शिक्क्याचं आम्हाला हसू आलं होतं, एवढंच आठवतं. आणि अजूनही त्या ट्रंकेबद्दल मला अपराधी वाटत नाही. भावाच्या खिशात तेव्हा खरोखरच पाचशे डॉलर होते.

गंमत म्हणजे कायदाही बावीस वर्षांनी आमच्या बाजूनं बोलला. सुपाप कीर्तसेंग नावाचा थाई विद्यार्थी घरच्यांकडून थायलंडमधल्या स्वस्त आवृत्त्या मागवून अमेरिकेत विकत असे. जॉन वायली या प्रकाशनानं त्याच्यावर दावा लावला. २०१३ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की प्रत एकदा रीतसर विकली की तिच्यावरचा प्रकाशकाचा हक्क संपला, मग ती छापलेली कुठेही असो. पुस्तक ज्यानं घेतलं त्याचं झालं.

गेमचं तसं होत नाही. गेम आपण विकत घेतच नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून स्टीमवर पैसे भरण्याच्या पानावर स्वच्छ लिहिलेलं असतं की तुम्ही घेताय ते लायसन्स आहे. कॅलिफोर्नियात तसं सांगणं बंधनकारक करणारा कायदा झाला, त्याच्या आसपासच हे आलं. ती ओळ मुलानं मला दाखवली तेव्हा मला पगाराची स्लिप आठवली. लायसन्स फी. घर तुमचं नाही, राहण्याची परवानगी आहे. मुलानं २०२० मध्ये गमतीत वापरलेला शब्द बरोबर बसत होता.

याच्या अगदी उलट तत्त्वही आहे, आणि तेही मला पटतं. युरोपीय आयोगानं २०२१ च्या जानेवारीत स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. पोलंड, चेकिया, हंगेरी, रोमानियासारख्या देशांत स्वस्तात विकलेले गेम पश्चिमेकडच्या देशांत चालू नयेत म्हणून त्यांनी कुलपं घातली होती. आयोगाचं म्हणणं, बाजार एक तर ग्राहकही एक. तत्त्व म्हणून किती सुंदर! पण कुलपं काढली की प्रकाशक पश्चिमेतली किंमत खाली आणेल की पूर्वेतली वर नेईल, याचा अंदाज करायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात तर कुठल्या आयोगाचीही गरज पडली नाही. तिथलं चलन घसरत गेलं, जगभरचे लोक खोटा पत्ता देऊन तिथून खरेदी करू लागले, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात स्टीमनं दोन्ही देशांत स्थानिक चलनातल्या किमती बंद करून डॉलर आणले. त्या देशांतल्या मुलांना एका रात्रीत कित्येक गेम अनेक पटींनी महाग झाले. चलनाची घसरण हे मोठं कारण होतं, सगळा दोष बाहेरून येणाऱ्यांचा नव्हे. पण ते बाहेरून येणारे म्हणजे माझ्यासारख्या आत्याच नसलेले भाचे होते. ती बातमी वाचली तेव्हा माझं पाच मिनिटांचं काम मला पहिल्यांदा खऱ्या अर्थानं टोचलं.

आता ग्राहकाच्या हातात काय आहे? इथे मला माझ्या आईबद्दल सांगायला हवं. आम्ही गोरेगावचे. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढे होत्या. तेल, साखर, रॉकेल यांच्या भावासाठी हजारो बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. आई त्यांत होती. आमच्या घरातलं ते लाटणं पुढे बरीच वर्षं 'मोर्चाचं लाटणं' म्हणूनच ओळखलं जायचं. आई सांगायची की मोर्चात पुढे कोण चाललंय हे महत्त्वाचं नसायचं, रांगेत कोण उभं होतं ते असायचं. रेशनच्या रांगेत जी रिकाम्या हातानं परत गेली तीच मोर्चाला आली होती.

गेम खेळणाऱ्यांच्याही हातात लाटणं आहे, आणि ते चालतं. 'सायबरपंक' जुन्या कन्सोलवर इतका मोडकातोडका चालत होता की ओरड झाली, आणि बाजारात आल्यापासून जेमतेम आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून काढून टाकला, पैसे परत देऊ केले. त्याआधी २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' मध्ये खेळाडूंकडून पुन्हा पुन्हा पैसे काढण्याची जी सोय होती, ती ईएला प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी बंद करावी लागली. पण मला जास्त शिकवून गेला तो 'हेलडायव्हर्स २'. २०२४ च्या मे महिन्यात सोनीनं जाहीर केलं की संगणकावर हा गेम खेळणाऱ्यांनाही सोनीचं खातं जोडावं लागेल. जगातल्या पावणेदोनशेच्या आसपास देशांत आणि प्रदेशांत सोनीची ती सेवाच नाही. तिथे गेमची विक्री थांबवली गेली. दोन लाखांहून अधिक लोकांनी स्टीमवर वाईट अभिप्राय लिहिले. तीन दिवसांत सोनीनं माघार घेतली.

माझ्या मुलानंही लिहिला होता. तो तेव्हा गुरुग्रामला नोकरीला लागला होता, आणि भारतात सोनीची सेवा असल्यामुळे त्याला स्वतःला काही त्रास नव्हता. दुसऱ्या देशातल्या, कधी न भेटणाऱ्या मुलांसाठी त्यानं ते केलं. मला अभिमान वाटला, मी आजीची आठवण काढली. लाटणं चाललं होतं.

पण पुढे काय झालं? ज्यांनी गेम आधीच घेतला होता ते जिंकले, त्यांना खेळत राहता आलं. त्या देशांत ज्यांनी अजून घेतला नव्हता त्यांच्यासाठी विक्रीबंदी तशीच राहिली. एव्हाना ओरड थांबली होती. मुलगाही दुसऱ्या गेमकडे वळला होता. मी विचारलं तेव्हा त्यानं एक गोष्ट सांगितली, जी त्याला क्षुल्लक वाटत होती आणि मला हादरवून गेली: स्टीमवर अभिप्राय फक्त ज्याच्या खात्यात गेम आहे त्यालाच लिहिता येतो. नियम शहाणपणाचा आहे, नाहीतर कुणीही येऊन काहीही लिहील. पण त्याचा अर्थ असा की किंमत फार आहे ही तक्रारसुद्धा ज्यानं ती किंमत भरली आहे त्यानंच करायची. रांगेतून रिकाम्या हातानं परत गेलेल्या बाईला या मोर्चात जागा नाही.

मग भारतातली किंमत वाढली की 'भारतासारख्या गरीब देशात' असं ओरडणारे कोण असतात? आम्ही. माझा मुलगा, ज्याच्या आईला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे पगार मिळतो. वसंत विहारातला त्याचा मित्र, ज्याच्या घरी दोन गाड्या. आणि दिल्लीमार्गे माझा भाचा. देशाची सरासरी काढताना ज्या कोट्यवधी लोकांमुळे ती खाली येते, त्यांतला एकही या दुकानाच्या दारात उभा नाही. त्यांची गरिबी आम्ही उसनी घेतो, प्रकाशकाला दाखवतो, सूट घेतो, आणि परत करायला विसरतो.

तो माणूस कोण, हे मला माझ्या ब्लॉकखालीच भेटलं. कोपऱ्यावर कडुनिंबाखाली आमचा इस्त्रीवाला बसतो. कोळशाची इस्त्री, एका कपड्याचे सात रुपये. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तो जिना चढून वर आला. त्याच्या तेरा वर्षांच्या मुलानं एका मोफत गेममध्ये बापाच्या फोनवरून वीस-पंचवीस वेळा थोडे थोडे करून चोवीसशे रुपये घालवले होते. कपडे, बंदुकीचे रंग, असलं काही. "आंटीजी, आप तो सरकार में हो, वापस दिलवा दो." मी अर्ज लिहिले, ईमेल केल्या. उत्तर आलं की व्यवहार खातेदाराच्या पिननं झाला आहे. ते खरं होतं. चोवीसशे म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कपडे. तो गेला तेव्हा मला उगाच मघाचे दोन शर्ट परत मागून घ्यावेसे वाटले.

या मुलासाठी देशाप्रमाणे किंमत नव्हती, माणसाप्रमाणे होती. आत यायला शून्य, आणि मग प्रत्येकाकडून जेवढं निघेल तेवढं. पिगूची ही पहिली पायरी. सरोजिनी नगरमध्ये एक्स्पोर्टचा लेबल कापलेला टॉप विकणारा पोरगा तुमचा चेहरा, चपला आणि हिंदी बघून भाव सांगतो तसंच. फक्त सरोजिनीत मी पाठ फिरवून चार पावलं गेले की तो अर्ध्यावर येतो, आणि तेरा वर्षांच्या मुलाला पाठ फिरवता येत नाही. म्हणून 'देश कशाला बघता, माणूस बघा' असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. माणूस बघणारे आधीच कामाला लागले आहेत.

तरीही भारतासाठी वेगळी, कमी किंमत असावी असंच मला वाटतं. ती आमच्यासारख्या वरच्या थराला मिळते हे खरं, पण पुढचा थर त्याच पायऱ्या चढून येणार आहे. माझा मुलगा नेहरू प्लेसच्या पिढीनंतर आला तसा. मात्र ती मिळावी म्हणून बोलताना मी आता 'गरीब देश' हे शब्द वापरत नाही. 'मला स्वस्त हवं' असं म्हणते. हे ऐकायला हलकं वाटतं, पण त्यात निदान दुसऱ्याच्या नावाचा अर्ज नसतो. आणि त्याच्याबरोबर भिंतही मान्य करावी लागते, हे मला आवडो न आवडो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा कंपनीनं 'राजी' नावाचा गेम केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी तो २०२० मध्ये आला, आणि आला तोही आधी निन्टेन्डोच्या स्विचवर, जे यंत्र तेव्हा भारतात कंपनी अधिकृतपणे विकतही नव्हती. म्हणजे पुण्यात बसलेल्या त्या मंडळींना पोटासाठी तिकडच्या पूर्ण किमतीच्या ग्राहकाकडे बघावं लागलं. उद्या न्यू जर्सीतला प्रत्येक भाचा दिल्लीतल्या आत्याकडून 'राजी' मागवू लागला, तर माझी पाच मिनिटं नेमकी कुणाच्या खिशातून जातील?

भावाची ट्रंक आणि भाच्याचा पासवर्ड यांत मी फरक का करते, असं मुलानं एकदा विचारलं. कायद्याचा फरक मी सांगितला, पुस्तक आणि लायसन्स. तो म्हणाला, "ते वकिलाचं झालं. तुझं सांग." मी म्हणाले, मामाला गरज होती. "आणि वरच्या मजल्यावरच्या काकांना? त्यांच्या मुलीचं लग्न होतं, आई." मला उत्तर सुचलं नाही. ज्या मुलांना त्यांनी खोली दिली होती ती बिहारमधून आलेली होती आणि मुनिरकात त्यांना परवडत नव्हतं, हेही त्यानंच आठवण करून दिलं.

येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होते आहे. मग काही महिन्यांत हे घर सोडायचं. सध्या रविवारचा दिवस आवराआवरीत जातो. गेल्या रविवारी पासवर्ड लिहायची जुनी डायरी सापडली. वीज, गॅस, पासपोर्ट, आणि एका पानावर ते खातं, माझ्या नावाचं, आत एकच गेम. मुलगा म्हणाला की हे खातं कुणाला देता येत नाही, विकता येत नाही, नियमाप्रमाणे मृत्युपत्रात लिहूनही ठेवता येत नाही. मी भाच्याला फोन लावला. आता त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. विचारलं, त्या खात्याचं काय करायचं, तू अजून खेळतोस का.

"नाही गं आत्या. तो मी नंतर परत घेतला. माझ्याच खात्यावर, इथूनच."

मला बरं वाटलं. पाच वर्षांत मुलगा मोठा झाला, असं काहीतरी मनात आलं. विचारलं, "का रे?"

"सेल होता. एकवीस डॉलरला मिळाला."

फोन ठेवल्यावर मी डायरीच्या त्या पानावर गुणाकार केला. आजच्या दरानंही ते २,९९९ पेक्षा कमीच होते. पान फाडावं की ठेवावं ते ठरेना, तेव्हा डायरी तशीच 'पुस्तके' लिहिलेल्या खोक्यात टाकली आणि वर भावानं १९९१ मध्ये न नेलेली दोन पुस्तकं ठेवली.